दहा आकड्यांचे वृत्त

वडिलांच्या मागे राहिलेल्या वस्तूंत टेलिफोनची एक डायरी होती; लाल रेक्झिनचे कव्हर, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेल्या आणि आत निळ्या शाईतले त्यांचे टपोरे आकडे. कोड संपला की ते एक ठसठशीत आडवी रेघ ओढत. साताऱ्याच्या आत्याकडे ती रेघ ०२१६२ नंतर येते, नागपूरच्या काकांकडे ०७१२ नंतर, मुंबईच्या मामांकडे ०२२ झाले की लगेच. पाने उलटताना मला एकदम वृत्तातल्या यतीची आठवण झाली, आणि मग ती डायरी मिटवेना.

आरंभीचे शून्य बाजूला ठेवले तर आज कोड आणि नंबर मिळून दहा आकडे भरतात. मुंबईचा कोड दोन आकडी, म्हणून माणसाच्या वाट्याला आठ येतात. नागपूरचा तीन, उरतात सात. साताऱ्याचा चार, उरतात सहा. वृत्त एकच, यती तेवढा गावाच्या विस्ताराप्रमाणे पुढेमागे सरकतो. सातारकराच्या नंबरात अख्खा सातारा चार आकडे व्यापून आधी उभा राहतो, माणूस त्याच्या मागून येतो. मुंबई मात्र दोन आकड्यांत आपली ओळख सांगून बाजूला होते. पुणे वाढले, जुने नंबर अपुरे पडू लागले, तेव्हा त्याचा ०२१२ आखडून ०२० झाला. माणसांना जागा व्हावी म्हणून शहराने स्वतःचे नाव लहान करून घ्यावे, ही गोष्ट मला कोणत्याही विकासकथेपेक्षा हृद्य वाटते.

पण रेघ कागदावर असते, एक्स्चेंजला ती दिसत नाही. तिथे आकडे एकामागून एक येत राहतात आणि कोड कुठे संपला हे ऐकता ऐकताच ओळखावे लागते. म्हणून एका गावाचा कोड हा दुसऱ्या कुठल्याही गावाच्या कोडाची सुरुवात असता कामा नये. सोलापूरला २१७ दिला की त्यापुढे आणखी एक आकडा जोडून दुसऱ्या गावाला देता येत नाही. साताऱ्याला २१६२ दिला की नुसता २१६ कुणाचाच होऊ शकत नाही. या नियमापाशी मला पाणिनी आठवतो. त्याच्या शिवसूत्रांत, म्हणजे वर्णांच्या यादीत, ण् ही खूण दोनदा आली, आणि ‘अण्’, म्हणजे अ-पासून ण्-पर्यंतचे वर्ण, म्हटल्यावर पहिल्या ण्-पर्यंत जायचे की दुसऱ्या, यावर भाष्यकारांना खल करावा लागला. एक्स्चेंजजवळ भाष्यकार नसतो. तिथे संदेहाला जागाच राहणार नाही अशी रचना आधीच करून ठेवावी लागते, आणि ती ज्यांनी केली त्यांच्या कारागिरीवर आपण रोज विसंबतो.

आणि ते शून्य! आमच्या काळ्या फोनवर शून्य फिरवले की तबकडी जवळजवळ पूर्ण वळसा घेई आणि किर्र करत परत येताना तारेवर दहा ठोके उमटवी. एकाला एकच ठोका, शून्याला दहा. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात एसटीडी सुरू झाली, तेव्हापासून ट्रंक कॉल बुक करून ताटकळण्याची जागा हळूहळू या शून्याने घेतली. तो गावाचा उंबरठा होता. ते फिरवले की माणूस वेशीबाहेर पडला. उंबरठा आतून बाहेर जाणाऱ्यासाठी असतो, हे मला फार उशिरा कळले. लंडनला गेलेल्या भाच्याने आत्याचा नंबर डायरीतून जसाच्या तसा उतरवून घेतला होता. भारताच्या ९१ पुढे तो शून्यही लावी आणि फोन काही केल्या लागत नसे. बाहेरून येणाऱ्याला वेस ओलांडून जायचे नसते, त्याला थेट घरी यायचे असते.

आकड्यांचा नकाशा राज्यांच्या सीमा नेमाने पाळतोच असे नाही. नागपूरचा ०७१२ हा भोपाळच्या ०७५५ आणि जबलपूरच्या ०७६१ च्या पंगतीत बसतो, बेळगावचा ०८३१ संपतो तिथे गोव्याचा ०८३२ लागतो. देशांचेही तेच: आपल्या ९१ ला लागून पाकिस्तानचा ९२, मग अफगाणिस्तान, श्रीलंका, म्यानमार. कुंपणे कितीही उंच झाली तरी ही ओळ मोडलेली नाही.

मोबाइल आला आणि दहा आकडे राहिले, पण यती गेला. नंबर गावाचा राहिला नाही, अंगावरच्या कपड्यासारखा माणसाबरोबर हिंडू लागला. म्हणूनच बहुधा फोन लागताच ‘कुठे आहेस?’ हा प्रश्न आपल्या तोंडी आपसूक येतो, जो डायरीतल्या रेघेने कधीच पडू दिला नव्हता. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. आई अजून घरचाच फोन वापरते. मी शेजारच्या खोलीत असलो तरी ती आधी शून्य दाबते, आणि मला वाटते, उंबरठा आता घराच्या आतच आला आहे.

परवा तिने कुणाला तरी माझा नंबर सांगितला. पाच आकडे म्हणाली, थांबली, पलीकडच्याने लिहून घेतले की नाही याची वाट पाहिली, मग उरलेले पाच म्हणाली. मी डायरी उघडली आणि माझ्या नावापुढे तो नंबर लिहिताना, ती थांबली होती तिथे एक रेघ ओढली.