तब्येत सुधारली!

आमच्या शिरूर-दौंडकडे माणूस जाड झाला की ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. ओलान्झापिनची गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत ते खरंही असतं. मन ताळ्यावर येतं. पण त्याच गोळीने भुकेचा लाल सिग्नल बिघडतो. जेवणाची गाडी दौंड जंक्शनलाही न थांबता थेट तिसऱ्या भाकरीवर! याला हावरटपणा म्हणणं म्हणजे नोंद कारकुनाने चुकवायची आणि दंड खातेदाराने भरायचा. आता शांत झोप जमा, दहा किलो नावे; हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, ठरवायचं कोणी? ज्याचं खातं, त्यानं. डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते. परस्पर खातं बंद करू नये. आणि आपण? शिरूर स्टँडवर त्याचं पोट मोजण्याआधी बघावं, गडी पुन्हा हसायला लागलाय ना!