कुत्रं कोणाचं?

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. आई अकोल्याला एकटी राहते, मी अमरावतीला एका वकिलांकडे कामाला आहे. सकाळी साडेसहाला तिचा फोन आला. पेपर टाकणाऱ्या पोराला गल्लीतलं कुत्रं चावलं होतं. पोटरीवर दोन खोल दात आणि बाजूला एक लांब ओरखडा. आईनं नळाखाली पाय धरून पंधरा मिनिटं साबणानं धुतला, मग शेजाऱ्याच्या स्कूटरवर त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. हे सगळं तिनं मला न विचारता केलं. विचारलं फक्त शेवटचं.

"त्याचा बाप येईन आता. कुत्रं कोनाचं म्हनून इचारन. काय सांगू?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "आपलं नाही म्हण. गल्लीचं आहे म्हण."

"भाकर मी टाकतो, नाव मी ठेवलं, मंग ते कोनाचं?"

"आई, कायद्यात भाकरीनं मालकी होत नसते."

हे वाक्य मी फार सहज बोललो. ऑफिसात दिवसभर अशीच वाक्यं कानावर पडतात. आणि ते बऱ्यापैकी बरोबरही होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ म्हणतं की, ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सगळी गंमत 'ताब्यातल्या' या शब्दात आहे. मोत्या कोणाच्या ताब्यात होता? त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. उलट त्याच्या कानाचा तुकडा कापलेला होता, म्हणजे त्याची नसबंदी झालेली होती, आणि २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्याला पकडलं तिथंच परत आणून सोडलं होतं. थोडक्यात, मोत्या आमच्या गल्लीत कायदेशीरपणे राहत होता.

म्हणजे बघा. ज्यांनी नसबंदी केली त्यांनी नियम पाळला. आईनं भुकेल्या जनावराला भाकर घातली. पोरगा आपलं काम करत होता. मोत्याला सायकलच्या चाकामागे धावायची कुत्र्यांची जुनी खोड, ती काही त्यानं ठरवून लावून घेतलेली नाही. चूक कोणाची म्हणून बोट दाखवायला गेलं तर बोट हवेत राहतं. जखम मात्र पोराच्या पायावर आहे.

आपल्याला लहानपणापासून सवय असते ती चूक आधी शोधायची, भरपाई नंतर. चूक सापडली नाही की भरपाईचा विषय बंद. पण असं सगळीकडे चालत नाही. आमच्याच जिल्ह्यात मेळघाटात वाघानं किंवा अस्वलानं माणूस मारला, तर राज्य सरकार त्याच्या घरच्यांना ठरलेली रक्कम देतं. २०२३ पासून ती २५ लाख आहे. तिथं कोणी विचारत नाही की वाघाची चूक होती की वनरक्षकाची. वाघ आपल्या सगळ्यांना हवा आहे, मग त्याच्या दाताची किंमत एकट्या जंगलाकाठच्या माणसानं का मोजावी, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे. मग कुत्र्यांचं काय? रस्त्यावरच्या कुत्र्याला मारायचं नाही हेही आपण सगळ्यांनी मिळून, कायदा करून ठरवलं. माझ्या मते ते योग्यच ठरवलं. पण त्या दयेचं बिल सकाळी पाचला उठून सायकल मारणाऱ्यांच्या नावानं फाटतं. बंद गाडीतून ऑफिसला जाणाऱ्याच्या पोटरीला कुत्रं चावत नाही.

कोर्टांनी हे बिल वेगवेगळ्या लोकांच्या हातात देऊन पाहिलं आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारकडे बोट केलं आणि चक्क दरपत्रक ठरवलं: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये, मांस निघालं असेल तर दर ०.२ सेंटीमीटर जखमेला किमान २० हजार. वाचताना विचित्र वाटतं, जखमेवर फूटपट्टी ठेवल्यासारखं. पण त्यात एक न्याय आहे. दर ठरलेला असला की गरिबाला घासाघीस करावी लागत नाही. तो निकाल आपल्याकडे आपोआप लागू होत नाही, हे वेगळं. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२२ मध्ये नेमकं उलट टोक धरलं होतं: ज्याला रस्त्यावरची कुत्री खाऊ घालायची त्यानं ती रीतसर दत्तक घ्यावीत, नोंदवावीत, नाहीतर दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या दत्तकाच्या सक्तीला स्थगिती दिली.

आणि पाळलेलं कुत्रं, मालक माहीत, सगळं स्पष्ट असलं तरी? मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरनं एका वयस्कर माणसाला चावा घेतला. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली ती २०२३ मध्ये. तेरा वर्षं! आमचा पेपरवाला तोवर तिशीत गेला असता.

तर, मी आईला दिलेला सल्ला कायद्यानं वाईट नव्हता. पोराचा बाप आला तेव्हा मी फोनवरच होतो, आईनं फोन खिशात ठेवायच्या पिशवीत तसाच चालू ठेवला होता. मला वाटलं पैशाची बोलणी सुरू होतील. तो माणूस म्हणाला, "बाई, कुत्रं कोनाचं हाय? डाक्टर म्हनते दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा लागते. मेलं-गिलं, पिसाळलं तं लगेच सांगा म्हनते."

मला हे माहीत असायला हवं होतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजतात. लस तर लगेच सुरू करावीच लागते, सरकारी दवाखान्यात पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि अशा खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचतात. पण एकदा रेबीजची लक्षणं दिसली की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. त्या बापाला रात्री झोप लागण्यासाठी ते कुत्रं जिवंत आहे, खातंय, पाणी पितंय, एवढं कोणीतरी रोज सांगायला हवं होतं. 'कुत्रं कोणाचं' याचा त्याच्यासाठी अर्थ होता, 'त्याच्याकडे कोण बघेल'. मी त्याच प्रश्नाला 'पैसे कोण देईल' असं ऐकलं आणि आईला खोटं बोलायला सांगितलं.

आई म्हणाली, "माहं हाय. मी पाह्यतो."

या प्रश्नावर कोणी बोलायला लागलं की युधिष्ठिर आणि त्याचं कुत्रं हमखास येतं. कुत्र्याशिवाय स्वर्ग नको म्हणणारा राजा. पण महाभारताच्या सुरुवातीलाही एक कुत्रं आहे, ते मला जास्त छळतं. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू येतं, त्याचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जातं. सरमा येऊन विचारते, यानं हवीला तोंड लावलं नाही, नजरसुद्धा टाकली नाही, मग मारलं का? ते भाऊ काहीच उत्तर देत नाहीत, आणि त्यावर ती शाप देते. मला वाटतं, तिला उत्तर मिळालं असतं तर कदाचित शाप टळला असता. दुखावलेला आधी तेवढंच मागतो, कोणीतरी समोर येऊन बोलावं. आमच्या गल्लीत फक्त बाजू उलटी होती.

दहा दिवस मोत्या आमच्या फाटकाच्या आत होता. आई रोज संध्याकाळी त्या घरी फोन करायची, आज दीड भाकर खाल्ली, आज भुंकला. चौथ्या दिवशी तो जेवला नाही तर ती स्वतःच रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी कळलं, शेजारणीनं फाटकावरून बिस्किटं टाकली होती.

पैसेही दिले. पोराची आई डाळमिलमध्ये रोजानं जाते, आणि दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला तिचा खाडा. आईनं दोन हजार दिले. मी त्या दिवशी अकोल्यात होतो. बापानं नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि निघाला. 'बरं येतो' एवढंच. मला राग आला. निदान दोन शब्द बोलायचे की! बडनेऱ्याला उतरेपर्यंत तो राग माझ्या डोक्यात होता, मग माझी मलाच लाज वाटली. मी आभारांची वाट पाहत होतो, म्हणजे ते पैसे मी दान समजत होतो. ते त्याच्या बायकोचे रोज होते. हक्काचे पैसे माणूस मोजूनच घेतो. आणि म्हणूनच मला वाटतं, भरपाई एखाद्या बाईच्या चांगुलपणावर राहू नये. पुढच्या गल्लीत माझ्यासारखा सल्ला देणारा मुलगा असेल आणि त्याचं ऐकणारी आई असेल. तिथं चावलेल्या पोरानं कोणाचं दार वाजवायचं? मेळघाटातल्या वाघासारखा ठरलेला दर, ठरलेली खिडकी शहरातही असायला हवी. पैसे सगळ्यांच्या करातून जातील, जाऊ देत. कुत्रीही सगळ्यांच्या मर्जीनं राहतात.

वकीलसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग प्रत्येक जण स्वतःच दात उमटवून येईल. असतीलही तसे काही. अपघाताच्या दाव्यांतही असतात, म्हणून ते दावे कोणी बंद केले नाहीत.

अकराव्या दिवशी आईनं फाटक उघडलं. मोत्या थोडा वेळ उंबऱ्यातच बसून राहिला. अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई झाल्यावर पोरगा परत कामाला लागला, पण आमच्या गल्लीत तो शिरत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पेपर ठेवून जातो. आई सात वाजता तो आणायला जाते. मोत्या मागे जातो, आणि ती त्याला अर्ध्या वाटेत थांबवून ठेवते.