पुसायचं कधी, हे कोण ठरवणार?

फोनवरचा मेल डिलीट केला की तो ट्रॅशमध्ये जातो, आणि जीमेल असेल तर ३० दिवसांनी तिथूनही जातो. विषय संपला, असं आपण धरून चालतो. ऑफिसच्या मेलचं तसं नसतं. तुम्ही डिलीट दाबायच्या आधीच, कुठल्यातरी रात्री दोन वाजता, सर्व्हरने सगळ्या मेलबॉक्सची एक प्रत काढून ठेवलेली असते. ती कुठे आहे, किती दिवस राहणार, कोण उघडू शकतं, यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नसतं.

मला ठाऊक असतं. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी गेली नऊ वर्षं सर्व्हर सांभाळते. टेपा बदलायच्या, रात्रीचा बॅकअप नीट झाला का ते सकाळी बघायचं, कुणाची हरवलेली फाइल शोधून द्यायची. काम इतकं कंटाळवाणं, की त्यात नीती-अनीतीचा प्रश्न असेल असं कुणाला वाटत नाही. पण वर्षातून एकदा-दोनदा मीटिंगमध्ये हमखास विषय निघतो: मेलचे जुने बॅकअप किती वर्षं ठेवायचे? अकाउंट्सवाले म्हणतात आठ वर्षं, कारण कंपनी कायदा हिशेबाची पुस्तकं तेवढी ठेवायला सांगतो. खर्च बघणारे म्हणतात सहा महिने पुरे. वकिलांमध्ये दोन तट. एक म्हणतो, काहीच पुसू नका, उद्या कोर्टात लागेल. दुसरा जरा आवाज खाली आणून म्हणतो, जे आपल्याकडे नाहीच, ते कोर्ट मागणार कसं?

हे दुसरं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात बेकायदेशीर काही नाही. तरी ते ऐकताना खटकतं. का खटकतं, ते शोधण्यासाठी हा लेख.

सुरुवात एका जुन्या प्रकरणापासून करू. १९८६ साल. अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये तेव्हा आयबीएमची 'प्रॉफ्स' नावाची मेलची यंत्रणा होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांच्या हाताखालचे ऑलिव्हर नॉर्थ यांचा एक गुप्त उद्योग चालला होता. इराणला शस्त्रं विकायची आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवायचा. नोव्हेंबरमध्ये प्रकरण बाहेर फुटलं, तसे दोघेही आपापले मेल पुसायला बसले. पॉइंडेक्स्टर यांनी एकट्याने पाच हजारांहून जास्त मेल पुसले. पण यंत्रणेच्या बॅकअप टेपा शाबूत होत्या. चौकशी करणाऱ्यांनी त्या टेपांमधून मेल परत काढले आणि पुढच्या वर्षी अहवालात छापले.

१९८९च्या जानेवारीत रेगन यांची कारकीर्द संपत आली, तेव्हा त्या सगळ्या टेपा पुसल्या जाण्याची वेळ आली. पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही संस्था कोर्टात गेली आणि नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी कोर्टाने पुसायला मनाई केली. सरकारचं म्हणणं होतं, महत्त्वाच्या मेलचं प्रिंट काढून फाइलला लावलं की झालं. १९९३मध्ये अपील कोर्टाने ते अमान्य केलं. नुसत्या प्रिंटवरून कुणी, कुणाकुणाला, कधी पाठवलं हे सगळं कळतंच असं नाही, आणि पुष्कळदा खरा पुरावा तोच असतो.

या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. त्या टेपा न्यायासाठी केलेल्याच नव्हत्या. डिस्क बिघडली तर काम अडू नये, म्हणून कुणीतरी रोज इमाने इतबारे बॅकअप काढत होतं. सत्ताधाऱ्यांना सत्य पुसता आलं नाही, ते एका रुटीन कामामुळे.

मग सगळंच कायमचं ठेवावं का? मोह होतो. पण याची दुसरी बाजू एन्रॉनमध्ये दिसते. आपल्याला दाभोळमुळे माहीत असलेली हीच ती कंपनी. २००१च्या डिसेंबरमध्ये तिचं दिवाळं वाजलं. अमेरिकेतल्या वीजबाजारात केलेल्या लबाडीची चौकशी करताना तिथल्या ऊर्जा नियामक आयोगाने २००३ साली साधारण दीडशे कर्मचाऱ्यांचे मेल जगासाठी खुले केले. आज जो संच अभ्यासाला वापरतात, त्यात पाच लाखांच्या आसपास मेल आहेत. स्पॅम ओळखणारे प्रोग्रॅम आणि भाषेचं संशोधन त्यावर पोसलं गेलं. पण त्या ढिगात लबाडी न केलेली माणसंही होती. त्यांची घरची बोलणी, खाजगी माहिती, ओळखपत्रांचे क्रमांक, सगळं उघड्यावर आलं. त्यांनी असं काय केलं होतं? ऑफिसच्या मेलवरून दोन ओळी खाजगी लिहिल्या, एवढंच.

आणि जपलेलं दफ्तर नेहमी दुबळ्याच्याच बाजूने बोलतं असंही नाही. १८१८ साली पेशवाई संपली आणि पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे इनाम कमिशन बसलं, १८५२ साली त्याचा कायदा झाला. पिढ्यान् पिढ्या इनाम जमिनी खाणाऱ्यांना सांगण्यात आलं, तुमचा हक्क सिद्ध करा. त्यांच्याकडची सनद पडताळायला सरकारकडे ते दफ्तर होतं. अनेकांची इनामं त्यात गेली. कुणाचा दावा खोटा असेल, कुणाचा खरा असून कागद वाळवीने खाल्ला असेल. दफ्तर खरंच बोलत असेलही, पण ते कधी, कशासाठी आणि कुणाच्या विरोधात उघडायचं हे ज्याच्या हातात किल्ली तो ठरवत होता.

म्हणजे 'ठेवा' आणि 'पुसा', दोन्हींत अन्याय होऊ शकतो. मग नीट वागणं कशाला म्हणायचं?

एन्रॉनचीच दुसरी कडी इथे उपयोगी पडते. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगातल्या पहिल्या पाच ऑडिट कंपन्यांपैकी एक. जुने कागद कधी नष्ट करायचे याचं तिचं लेखी धोरण होतं. तसं असणं चांगलंच. पण २००१च्या ऑक्टोबरमध्ये, एन्रॉनची चौकशी होणार हे दिसू लागल्यावर, कर्मचाऱ्यांना त्या धोरणाची आठवण करून देण्यात आली. मग कागद श्रेडरमध्ये गेले, मेल डिलीट झाले. २००२मध्ये कंपनी दोषी ठरली. २००५मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, कारण ज्युरीला कायदा चुकीचा समजावला गेला होता. तोवर कंपनी संपली होती.

कायद्याचा कीस बाजूला ठेवू. धोरण ऑगस्टमध्येही तेच होतं आणि ऑक्टोबरमध्येही तेच. बदलली ती माहिती. ऑगस्टमध्ये पुसणं ही साफसफाई ठरली असती. ऑक्टोबरमध्ये कुठला कागद कुणाला नडणार हे पुसणाऱ्याला कळलेलं होतं.

जॉन रॉल्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७१ साली 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये एक कल्पना मांडली. समाजाचे नियम अशा पडद्यामागे बसून ठरवा, जिथे आपण श्रीमंत असू की गरीब, बाई की पुरुष, हे आपल्याला माहीतच नाही. त्याला अज्ञानाचा पडदा म्हणतात. एरवी हा पडदा कल्पनेतच राहतो. बॅकअपच्या बाबतीत तो जवळजवळ खरा असतो. आज मी नियम लिहिते, तेव्हा सात वर्षांनी कोण कुणावर दावा लावेल हे मला खरंच माहीत नसतं. कदाचित कंपनी माझ्यावर, कदाचित मी कंपनीवर. त्या अज्ञानात ठरवलेली मुदत, मग ती दोन वर्षं असो की आठ, बरीचशी न्याय्य असते. भांडणाचा वास आला की पडदा उठतो. त्यानंतर पुसणाऱ्याला 'आम्ही फक्त नियम पाळला' असं म्हणता येत नाही.

न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने हे फार स्वच्छ सांगितलं. लॉरा झुबुलेक या यूबीएस बँकेत काम करायच्या. बाई म्हणून आपल्याला डावललं, अशी तक्रार त्यांनी केली आणि २००१ साली त्यांची नोकरी गेली. खटल्यात बँकेने मेलची शंभरेक पानं दिली. झुबुलेक यांच्या स्वतःकडेच साडेचारशेच्या आसपास पानं होती. मग न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी बॅकअप टेपा उघडायला लावल्या. काही टेपा सापडल्याच नाहीत, काही मेल तक्रारीनंतर पुसले गेल्याचं दिसलं. दावा होऊ शकतो अशी शक्यता दिसली त्या क्षणापासून जपण्याचं कर्तव्य सुरू होतं, दावा दाखल होण्याची वाट बघायची नसते, असं कोर्ट म्हणालं. हरवलेले मेल बँकेच्या विरोधात जाणारे होते असं ज्युरीने धरायला हरकत नाही, असंही सांगितलं. २००५मध्ये ज्युरीने २ कोटी ९३ लाख डॉलर द्यायला लावले. आता त्या वकिलाच्या वाक्याकडे परत बघा. जे नाही ते कोर्ट मागू शकत नसेल, पण ते का नाही, हे विचारू शकतं.

जपणं म्हणजे टेप कपाटात टाकणं नव्हे, हेही सांगायला हवं. आपल्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं सातवं कलम म्हणतं, रेकॉर्ड पुढे बघता आलं पाहिजे आणि कुठून निघालं, कुठे पोचलं, कधी, हेही त्यासोबत राहिलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे. टेप नीट ठेवली तर ३० वर्षं टिकते असं बनवणारे सांगतात, पण एलटीओ-८चा ड्राइव्ह एलटीओ-६ची टेप वाचतच नाही. टेप वाचली तरी मेल सर्व्हरचं जुनं सॉफ्टवेअर लागतं. पेशवे दफ्तरात कागद शाबूत आहेत, मोडी वाचणारे मोजके उरलेत. तसंच हे. म्हणून दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपेवर, साध्या फॉरमॅटमध्ये उतरवावं लागतं आणि उघडतंय का ते तपासावं लागतं.

कोर्टात आणखी एक पायरी असते, प्रमाणपत्राची. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, असा वाद होता. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. याचिका करणारे प्रमाणपत्र मागत राहिले, सरकारी अधिकारी देईनात. २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, मूळ यंत्र हजर केलं नाही तर प्रमाणपत्र हवंच, पण ज्याने मिळवण्याचे सगळे प्रयत्न केले त्याला त्याची शिक्षा नको. १ जुलै २०२४पासूनच्या नव्या साक्ष कायद्यात प्रमाणपत्रावर फाइलची हॅशही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक स्वल्पविराम हलवला तरी ठसा बदलतो. जालन्याच्या या प्रकरणात मला तोच प्रश्न दिसतो. रेकॉर्ड एकाच्या ताब्यात, गरज दुसऱ्याला.

मागच्या वर्षी हा प्रश्न माझ्या टेबलावर आला. नोकरी सोडून गेलेल्या एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, मी तेव्हा साहेबांविरुद्ध तक्रार केली होती ना, ते मेल अजून असतील का गं?" तिच्याकडे एकही प्रत नव्हती, जाताना लॅपटॉप जमा केला होता. मी तिला सांगितलं की मी काही उघडून बघू शकत नाही आणि बघणारही नाही, तू कंपनीला लेखी कळव. तिने कळवलं. त्या महिन्याची टेप पुढच्याच आठवड्यात पुन्हा वापरायला निघणार होती. मी ती बाजूला काढली, हॅश नोंदवली, पाकीट सील केलं आणि का काढली ते वरिष्ठांना मेलवर लिहिलं. उत्तर आलं, "तिने अजून केस कुठे केलीय?" मी लिहिलं, "म्हणूनच आत्ता काढली." थोडी कुरबुर झाली. टेप कपाटात आहे. केस अजून झालेली नाही, कदाचित होणारही नाही. टेपेवर काय आहे, कुणाची बाजू खरी आहे, मला माहीत नाही.

यंदा मेलच्या बॅकअपचं धोरण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मसुद्यात चारच मुद्दे आहेत. मुदत आधी ठरेल, आणि ती शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांच्या मेलबॉक्सला सारखी असेल. मुदत संपली की खरोखर पुसायचं, कारण काम झाल्यावर माणसाची माहिती साठवून ठेवायला कारण उरत नाही. २०२३चा डेटा संरक्षण कायदाही तेच सांगतो. कुणीही लेखी हरकत घेतली, मग तो सोडून गेलेला का असेना, की त्याच्यापुरतं पुसणं थांबेल. आणि सील उघडायला दोन किल्ल्या लागतील, त्यातली एक मॅनेजमेंटच्या बाहेरच्या माणसाकडे. पहिले तीन मुद्दे मान्य झालेत. चौथ्यावर चर्चा चालू आहे.

तोवर तुमच्यासाठी एवढंच. नोकरीवर रुजू व्हाल तेव्हा पगार आणि सुट्ट्यांसोबत हेही विचारा, की इथे मेल किती वर्षं ठेवतात आणि कोण उघडू शकतं. उत्तर काय मिळतं ते बघा. आणि तक्रार करायची वेळ आलीच, तर जपून ठेवा असं लेखी मागा, त्याच दिवशी. टेपा सहसा महिन्याभरात फिरतात.