हिशोब दोघांचा

दसरा झाला की पैठण, सिल्लोड, वैजापूरकडच्या शिवारांत कापसाची वेचणी सुरू होते. दव वाळलं की बायका कमरेला ओटी बांधून सरीत शिरतात. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटतात. कुठल्या वेचणीला किती माल निघाला, कोणत्या तुकड्यात बोंडं किडली, कुणाची मजुरी द्यायची राहिली, हे घरच्या बाईला तोंडपाठ असतं. मग माल काट्यावर जातो आणि पावती धन्याच्या सदऱ्याच्या खिशात राहते. घरी आल्यावर तो एवढंच म्हणतो, “गेला बऱ्या भावाने.” यात लपवाछपवी नसते. त्याच्या वडिलांनी असंच केलेलं असतं आणि आईने कधी विचारलेलं नसतं. त्याने सांगायचं नाही, तिने विचारायचं नाही, ही सवय मागच्या पानावरून पुढे आलेली असते.

शेतात बाईचे कष्ट आणि कागदावर पुरुषाचं नाव, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनात खेड्यापाड्यांतल्या बायका फार मोठ्या संख्येने जमल्या होत्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली : शेतकऱ्यांनो, जमिनीचा तुकडा आपणहून घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा. आणि अनेकांनी खरंच केला. 1994 मध्ये राज्याने कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. 2003 मध्ये ‘घर दोघांचे’ म्हणत ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराला नवरा-बायको दोघांची नावं लावायचं ठरलं. पैठण-सिल्लोडच्याच जिल्ह्यातल्या बकापूरने तर एक पाऊल पुढे जाऊन गावातली घरं बायकांच्या नावावर केली. ज्या घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव आहे, त्या घरातून तिला ‘चालती हो’ म्हणणं सोपं राहत नाही.

पण उताऱ्यावर नाव एकदाच चढतं. संसार मात्र रोज ठरतो. बियाणं उधार आणायचं की रोख, मुलीला बारावीनंतर शहरात पाठवायचं की नाही, गाय विकायची की ठेवायची, हे सगळं ठरवताना हातात पैसा किती आणि देणं किती, हे दोघांना ठाऊक असावं लागतं. बाईला हिशोब जमत नाही, असं आता कुणी म्हणू नये. गावोगावचे बचत गट बायकाच चालवतात. कुणी किती उचललं, व्याज किती झालं, कुणाचा हप्ता थकला, सगळं वहीत असतं आणि सगळ्यांसमोर वाचलं जातं. गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला घरची पावती दिसू नये, हे काही बरं नाही. पावती पाहिली की ती लगेच सांगेल, या खेपेला मजुरीच जास्त गेली, पुढच्या वर्षी कडेच्या तुकड्यात तूर घ्या. आणखी एक गोष्ट मनात ठेवायला हवी. घरधनी अचानक गेला, तर कर्ज कुणाचं, किती, कागद कुठे, याचा थांग न लागलेल्या बायका मराठवाड्याने पुष्कळ पाहिल्या आहेत. वेळीच सांगितलेला हिशोब अशा दिवसांत माणसाला उभं ठेवतो.

म्हणून आज संध्याकाळी एवढंच करून पाहा. जेवणं झाली की खिशातली पावती काढून दोघांच्या मध्ये ठेवा. शहरात नोकरी करत असाल, तर पगाराची, हप्त्यांची, विम्याची गोष्ट काढा. मुलं जवळच बसलेली असली तर बसू द्या. आई-बाबा मिळून ठरवतात, हे मुलगा बघेल आणि मुलगीही बघेल. ताईंनो, तुम्हीही संकोच न करता विचारा. ‘किती झाले?’ असं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. तो तुमच्या घराचा हिशोब आहे. जिथे कष्ट दोघांचे असतात, तिथे हिशोबही दोघांचाच असायला हवा.