रिकामा रकाना

मी मुळात गोष्टी लिहिणारी बाई. पोटासाठी शाळेत मुलांना अंकगणित शिकवते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे ‘महिला उद्योजकांसाठी व्यवसाय-विकास कार्यशाळा’ अशी भरभक्कम पाटी लावलेल्या सभागृहात तीन दिवस शिकवायला मला बोलावणे आले, तेव्हा घरातल्यांनाच आधी हसू आले. बोलावणाऱ्या ताईंचे म्हणणे मात्र सरळ होते. भांडवल, बाजारपेठ, बँकेचे कर्ज यांवर बोलायला जाणते लोक येणारच होते; पण बायकांना साधी जमाखर्चाची वही लिहायला शिकवील, आणि तीही त्यांच्याच बोलीत, असे कोणीतरी हवे होते. तेवढे मला जमण्यासारखे होते.

पाटीवरचा ‘उद्योजक’ हा शब्द वाचून मला गंमत वाटली. आपल्या भाषेत पुरुषाने उद्योग केला की तो उद्योगपती होतो. बाईने केला की लोक विचारतात, “हे नसते उद्योग सांगितलेत कुणी?” असे नसते उद्योग करणाऱ्या तीस-पस्तीस जणी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जमल्या होत्या. कोणी पापड-कुरडया करणारी, कोणी शिवणकाम करणारी, कोणी मसाले कुटून विकणारी. बहुतेक सगळ्या बचत गटातल्या. व्याजाचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. गटातल्या कोणाकडे किती थकले आहेत, हे त्या वही न उघडता सांगत. अशा बायकांना मी काय शिकवणार, असे पहिल्या तासाला वाटून गेले.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एक तक्ता आखला. दिवाळी जवळ आली होती, म्हणून उदाहरण चकलीचे घेतले. गटातल्या एक वहिनी चार वर्षे चकल्या विकत होत्या. त्यांना म्हटले, “तुम्ही सांगा, मी लिहिते.” पाच किलो भाजणीचा घाणा धरला. धान्य, डाळी आणि दळण मिळून ४५० रुपये. तेल ३००. तीळ, ओवा, तिखट, मीठ १००. गॅस ८०. पिशव्या आणि चिठ्ठ्या ७०. बरोबर १,००० रुपये झाले. त्यातून सहा किलो चकली विकायला निघते. २२० रुपये किलोने विकली की १,३२० हातात. वहिनी समाधानाने म्हणाल्या, “म्हणजे तीनशे वीस सुटले.”

तक्त्यात आणखी एक रकाना मी आखून ठेवला होता. त्याच्या डोक्यावर लिहिले होते : ‘स्वतःची मजुरी’. तो रिकामाच होता. मी विचारले, “आणि तुमची मजुरी?” त्यावर सभागृहभर हशा पिकला. “माझी कसली मजुरी? घरीच तर करते!”

मग आम्ही तास मोजले. धान्य धुणे, वाळवणे, भाजणे, गिरणीत नेऊन आणणे, पीठ मळणे, सोऱ्या दाबणे, तळणे, निवल्यावर पिशव्या भरणे. धरून-सोडून बारा तास झाले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “खुरपायला गेलं तर आठ तासांचे तीनशे मिळतात, बाई.” त्या भावाने बारा तासांचे ४५० रुपये होतात. ते रकान्यात लिहिले आणि खर्च १,४५० झाला. हाती आले होते १,३२०. फळ्यावरचा नफा पुसून मला तोटा लिहावा लागला : १३० रुपये. आता कोणी हसले नाही.

इथपर्यंत हे निव्वळ अंकगणित होते, आणि अंकगणिताला भावना नसतात. पण ‘घरीच तर करते’ या चार अक्षरांच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याला तोंड फोडले ते कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी. त्या कार्यशाळेला आलेल्या नव्हत्या, सुनेबरोबर नातवाला सांभाळायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, तुमचं गणित बरोबर असंल. पण हाताची किंमत लावायची सवय लागली, की ती बाजारापुरती राहत नाही. उद्या ही घरी येऊन ताटात भाकरी वाढताना तास मोजील. मग घराचं काय?”

आजींचे बोलणे मला सहज उडवून लावता आले नाही, आणि अजूनही येत नाही. ज्या घरात प्रत्येक जण आपल्या कामाचा मोबदला मागतो, त्याला घर म्हणत नाहीत. आजारी माणसाच्या उशाशी जागणारी आई रात्रपाळीचा भत्ता मागत नाही, म्हणून तर ती आई. माणसाने काही गोष्टी मोजू नयेत, ही शिकवण खोटी नाही. प्रश्न एवढाच, की न मोजण्याचे हे पुण्य नेहमी एकाच बाजूच्या वाट्याला का येते? आणि घरातला हा नियम बाजारात नेला, तर त्याचे काय होते?

बाजारात त्याचे काय होते, ते आम्हांला त्याच सभागृहात दिसले. तिसऱ्या ओळीत एक ताई बसल्या होत्या. त्याही चकल्या विकत. पती वारल्यापासून दोन मुलांचे शिक्षण आणि घरभाडे त्या या चकल्यांवर चालवत होत्या. त्यांचा भाव होता २६० रुपये किलो. खालचा भाव त्यांना परवडण्यासारखा नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, “मला गिऱ्हाईक रोज सांगतं, पलीकडे दोनशे वीसनं मिळते म्हणून.” पलीकडे म्हणजे कोठे, हे विचारण्याची गरज नव्हती. वहिनींनी मान खाली घातली. त्यांच्या घरी नवऱ्याचा पगार येत होता. चकलीचे तीनशे वीस हा वरखर्च होता. आपण मजुरी लावत नाही याला त्या साधेपणा समजत होत्या, आणि गिऱ्हाईक त्याला चांगुलपणा म्हणत होते. त्या चांगुलपणाचे बिल मात्र तिसऱ्या ओळीतल्या ताईंच्या नावावर फाटत होते.

मला या विषयात जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे. आपण आपल्या कष्टाची किंमत लावली नाही, तर ती कोठे नाहीशी होत नाही; ती कोणीतरी दुसरी भरते. बहुधा तीच, जिच्यामागे दुसऱ्या कोणाचा पगार उभा नाही. म्हणून मजुरीचा रकाना भरणे हा हावरेपणा नव्हे. शेजारणीशी सचोटीने वागण्याचा तो एक भाग आहे.

पण हा रकाना इतकी वर्षे रिकामा का राहिला? त्याला इतिहास आहे. जुन्या धर्मशास्त्रात स्त्रीधनाचा विचार मोठ्या बारकाईने केलेला आढळतो. लग्नात अग्नीसमोर मिळालेले, माहेरच्यांनी दिलेले, प्रेमाने मिळालेले असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. पण कात्यायनाने दोन गोष्टी त्यातून वगळल्या. परक्याने दिलेले धन, आणि बाईने स्वतःच्या कारागिरीने मिळवलेले धन. या दोहोंवर सत्ता नवऱ्याची. म्हणजे घरच्यांकडून मिळालेले ते तिचे, पण तिने स्वतः मिळवलेले ते तिचे नव्हे! १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि त्याच्या १४व्या कलमाने ही गाठ सोडवली. स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेली मालमत्ताही बाईच्या पूर्ण मालकीची ठरली. कायद्याने मालकी दिली. पण मालक व्हायची सवय कायदा लावू शकत नाही. ती वहीच्या रकान्यातच लागते.

ज्या बायकांनी ही सवय आधी लावून घेतली, त्यांचे काय झाले हेही आपल्यासमोर आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्याचेच पुढे लिज्जत पापड झाले. पापडाची चव सर्वांना माहीत आहे. मला त्यांच्या हिशेबाची चव अधिक आवडते. तेथे लाटणाऱ्या बहिणीला लाटण्याची मजुरी वजनावर मिळते, आणि शिवाय ती संस्थेची भागीदारही असते. हाताची किंमत आणि मालकी अशा दोन्ही गोष्टी तिच्या पदरात पडतात.

दुसरे उदाहरण गिरणगावातले. गावाकडे कुटुंब ठेवून मुंबईला आलेल्या गिरणी कामगारांना तिथल्या बायका महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. पैसे महिनाअखेर यायचे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. गिरणीतला तो कामगार, आणि त्याला पहाटे डबा देणारी ती मात्र ‘घरीच तर करते’ या सदरात मोडणारी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे दार उघडून दिले. बँक कर्ज देते ते धंद्याला. त्या दाराशी उभे राहायचे तर आपण करतो तो धंदा आहे, हे त्या बायकांना आधी स्वतःशी म्हणावे लागले असणार.

वाचक म्हणतील, बाई, हे सारे ठीक. पण तुम्ही लेखक मंडळी तरी आपली मजुरी मागता का? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर आहे. दिवाळी अंकासाठी कथा मागणारी पत्रे मला येतात. त्यांत शब्दमर्यादा असते, मुदत असते, प्रेम तर भरपूर असते, फक्त मानधनाचा आकडा तेवढा राहून जातो. मी तो उलट टपाली विचारते. (संपादकांनी हे वाक्य कापू नये.) विचारताना जीभ अडखळते, पण माझ्यानंतर लिहू लागणाऱ्या एखाद्या गरजू मुलीला तो विचारणे थोडे सोपे जावे, एवढा त्यात स्वार्थ आहे.

आता पुन्हा आजींकडे वळायला हवे, कारण त्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. बाजारात हाताची किंमत लावायला शिकलेली बाई घरी येऊन तास मोजील का? तिसऱ्या दिवशी चकलीवाल्या वहिनींनी आपली वही मला दाखवली. मजुरीच्या रकान्यात त्यांनी ४५० लिहिले होते आणि भाव २६० केला होता. तिसऱ्या ओळीतल्या ताईंशी त्या जेवणाच्या सुट्टीत बोलल्या होत्या, असे दिसले. मग त्या म्हणाल्या, “पण बाई, शेजारच्या काकूंना मी दर दिवाळीला एक किलो देते. माझ्या बाळंतपणात त्यांनी फार केलंय माझं. त्यांच्याकडून काही मी पैसे घेणार नाही.”

“घेऊच नका,” मी म्हटले. “फक्त वहीत लिहा : भेट, एक किलो, दोनशे साठ रुपये.”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. प्रेमाने दिलेल्या वस्तूवर आकडा टाकणे त्यांना जड जात होते, आणि ते मला समजत होते. भेट लिहून ठेवली म्हणजे तिचे कर्ज होते की काय, ही भीती खोटी नाही. शेवटी म्हणाल्या, “लिहीन. पण वही कुणाला दाखवणार नाही.”

मला वाटते, आजींच्या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आहे. जी वस्तू आपली आहे आणि जिचे मोल आपल्याला ठाऊक आहे, तीच आपण कोणाला देऊ शकतो. ज्याची किंमतच आपल्याला माहीत नाही, ते आपण देत नसतो. ते आपल्याकडून नुसते जात असते. काकूंना दिलेली चकली चार वर्षे अशीच जात होती, आणि तिच्याबरोबर परक्या गिऱ्हाइकालाही किलोमागे वीस-बावीस रुपये तसेच जात होते. दोहोंत फरक करायला वहिनींजवळ साधन नव्हते. आता ते आहे. परक्याला त्या पुऱ्या भावाने देतील आणि काकूंना फुकट देतील. पण काकूंचे ते फुकट आता खरोखर त्यांचे देणे असेल. मोजायला येणारी बाई घरात मोजत बसेलच असे नाही. उलट, कोठे मोजायचे नाही हे ती आता स्वतः ठरवील.

एवढे झाले तरी आजी निघताना पुरत्या पटलेल्या दिसल्या नाहीत. सुनेकडे बघून म्हणाल्या, “बघू, काय करती ती.” मलाही वाटले, बघू या. असले प्रश्न फळ्यावर सुटत नाहीत. ते घरोघरच्या ओट्यापाशी सुटतात, आणि प्रत्येक घरी उत्तर थोडे वेगळे येते.

हा अंक हाती पडेल तेव्हा वाचकांच्या घरी फराळाची ताटे भरलेली असतील. काही जिन्नस घरचे, काही कोणा ताई-वहिनींकडून विकत आणलेले. विकतच्या चकलीचा भाव करण्याआधी सोऱ्याच्या दांड्यावरचे हात एकदा आठवावेत. आणि घरच्या चकलीचे तर पैसे द्यायचेच नसतात. तेव्हा ती कोणी, किती वाजता उठून केली, एवढे तरी तिला एकदा विचारावे.