खुर्चीची भीड आणि मौनाचे पातक

शाळेतून आलेली मुलगी आईला चाचरत सांगते, ‘सर उगाच जवळ ओढतात.’ आई गप्प होते. वडील म्हणतात, ‘मोठी माणसं ती, बोभाटा झाला तर शाळेचं नाव जाईल आणि आपल्या पोरीचंही.’ अशी हकिकत ऐकून आम्हीही अनेकदा मान खाली घातली आहे. म्हणूनच स्वतःला विचारावेसे वाटते, हे पातक करणाऱ्या एकट्याचेच, की झाकणाऱ्यांचेही?

अधिकार ही सोपवलेली ठेव असते. शिक्षकाच्या हाती गुण असतात, साहेबाच्या हाती भाकरी. अशा ठिकाणी मिळालेला होकार पुष्कळदा भीतीचेच दुसरे रूप असते. कायद्यानेही हे ओळखले आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत संमतीची सबब चालत नाही आणि शाळेच्या कर्मचाऱ्याने तेथील मुलावर केलेला लैंगिक अत्याचार २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अधिक गंभीर मानला आहे. तो दडवणाऱ्या संस्थाप्रमुखालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नोकरदार स्त्रियांना मिळालेले संरक्षण मात्र एका ग्रामीण स्त्रीच्या वेदनेतून जन्मले. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह रोखू पाहिल्याबद्दल १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. पण काम करणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल लागला आणि २०१३ साली कायदा झाला. आता दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात स्त्रीच्या अध्यक्षतेखाली तक्रार समिती असणे बंधनकारक आहे.

‘खोट्या तक्रारीने सज्जनाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले तर?’ ही शंका निराधार नाही. म्हणूनच चौकशीत दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात नमूद आहे.

आपण श्रद्धावंत माणसे येथे क्षमेचा आधार घेतो. पण क्षमा करण्याचा हक्क जखम झालेल्याचा असतो. तिच्या वतीने आपण परस्पर क्षमा करून मोकळे होतो, तेव्हा ती क्षमा उरत नाही. ती सोय असते. क्षमा केल्याने न्यायाची गरजही संपत नाही. ख्रिस्तसभेलाही हा धडा दुःखातूनच शिकावा लागला. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा अत्याचाराची माहिती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले.

संस्थेचे नाव जपावे, पण लेकराच्या अश्रूंनी धुऊन नव्हे. उद्या आपले मूल चाचरत काही सांगू लागले, तर पहिले वाक्य एवढेच असावे: ‘बाळा, तुझं काही चुकलेलं नाही. बोल, मी ऐकतेय.’