अस्थी, पाषाण आणि चैतन्य

भिसेगाव आणि कर्जतच्या परिसराखालचा काळा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा असून त्यात ॲपेटाइटचे, म्हणजे कॅल्शियमच्या फॉस्फेटचे, सुईसारखे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. लाव्हा थिजताना आधी बनणारी खनिजे फॉस्फरसला फारशी जागा देत नाहीत, म्हणून तो उरलेल्या रसात साठत जाऊन उशिरा स्फटिकरूप घेतो. व्हिटलॉकाइट हे मॅग्नेशियमयुक्त कॅल्शियम फॉस्फेट मात्र खडकांत दुर्मीळ आहे. त्याला १९४१ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या नमुन्यांवरून नाव मिळाले. नवल असे की, हेच द्रव्य माणसाच्या दातांवरील कीटणात आढळते आणि त्याचे हायड्रोजनविरहित भावंड, मेरिलाइट, बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या, मंगळावरून आलेल्या अशनीत सापडते.

माणसाच्या हाडांचे मुख्य खनिजही ॲपेटाइटच्याच कुळातले आहे. खडक झिजतो, मुळे आणि बुरशी आम्ले स्रवून त्यातील फॉस्फरस मोकळा करतात, तो भातात उतरतो आणि अन्नातून अस्थींत जातो. चितेत सेंद्रिय भाग जळून गेल्यावर प्रामुख्याने हे फॉस्फेटच उरते आणि नदीत विसर्जित होते. मग पाषाण आणि प्राणी यांना वेगळे करणारे नेमके काय?

चार्वाकांच्या मते चार भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, जसे आंबवणीतून मादकता. द्रव्य एकच असल्याचा पुरावा त्यांच्या बाजूचा वाटतो, परंतु तेच फॉस्फेट अशनीत निश्चेष्ट असेल आणि देहात जाणिवेच्या आधाराला असेल, तर निर्णायक ठरते ती रचना, आणि रचना चार भूतांच्या यादीत कुठेच बसत नाही. सांख्यमत या ठिकाणी अधिक सुसंगत आहे, कारण ते देहच नव्हे, तर मन आणि बुद्धीही प्रकृतीच्या, म्हणजे मूळ जड तत्त्वाच्या, पदरात घालते आणि पुरुषाला, म्हणजे शुद्ध साक्षीला, त्यांपासून वेगळे ठेवते. अस्थी खडकाच्याच आहेत हे कळल्याने त्याला कोणताही धक्का बसत नाही.

जैन दर्शन याहून धाडसी आहे. त्याच्या मते खाणीतील पाषाण हाच पृथ्वीकायिक, केवळ स्पर्शेंद्रिय असलेल्या जीवांचा देह असतो, आणि खोदण्या-फोडण्याने वा अग्नीने तो अचित्त, म्हणजे निर्जीव, होतो. हे मत रसायनशास्त्राने खोडता येत नाही, कारण फॉस्फेटचे सूत्र दोन्ही अवस्थांत तेच राहते. जीवाचे असणे-नसणे त्या सूत्रात नोंदलेच जात नाही.